बी.एस.ए.चे आटे

सायकलच्या सुट्या भागांच्या कुठल्याही ऑनलाइन दुकानात जा आणि पायडलच्या मधला जो भाग असतो, ज्याला इंग्रजीत बॉटम ब्रॅकेट म्हणतात, तो शोधा. शिमानो या जपानी कंपनीच्या खोक्यावर मापाच्या जागी तीन अक्षरं दिसतील : बीएसए. तैवानच्या कंपनीच्या खोक्यावरही तीच दिसतील. लाखभर रुपयांच्या कार्बन फ्रेमच्या माहितीपत्रकातही 'बीएसए थ्रेडेड' असं लिहिलेलं सापडेल. ही अक्षरं बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या कंपनीच्या नावाची आहेत. म्हणजे बंदुकांचा कारखाना. या कंपनीनं आपला सायकलचा धंदा १९५७ साली विकून टाकला. उरलेली कंपनी १९७३ मध्ये बुडाली. तरी तिच्या नावाचं माप अजून जगभर चालू आहे. ते का, हे शोधताना मी बर्मिंगहॅमपासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यापर्यंत येऊन पोचलो.

आधी मापाबद्दल, कारण सगळी गंमत तिथेच आहे. फ्रेमच्या खालच्या बाजूला, तीन नळ्या जिथे भेटतात तिथे एक आडवी पोकळ नळी असते. तिच्यातून पायडलचा एक्सल जातो. नळीच्या दोन्ही तोंडांना आतून आटे पाडलेले असतात आणि त्यात दोन वाट्या बसतात. वाटीत छर्रे, छर्ऱ्यांवर एक्सल. बीएसए माप म्हणजे वाटीचा व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे आणि नळीची रुंदी ६८ मिलिमीटर. एवढंच.

पण या दोन वाट्यांतली उजवीकडची, म्हणजे साखळीच्या बाजूची वाटी उलटी फिरते. आमच्या गावातल्या सायकल मिस्त्रींच्या दुकानासमोर शाळा सुटल्यावर आम्ही पोरं घुटमळायचो, आणि कुणी पान्हा हातात घेतला की ते ठरलेलं वाक्य बोलायचे, "अबे पोट्ट्या, हे वाटी उलटी खुलते. जोर लावशीन त आटे मरतीन." का उलटी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते मला पुढे इंजिनिअरिंगला कळलं. मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचं टोक गोल गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेनं फिरायला लागते. छर्ऱ्यांवर फिरणारा एक्सल वाटीला असाच हळूहळू उलटा ढकलत असतो. दोन्हीकडे सरळ आटे दिले, तर उजवी वाटी चालता चालता सैल होणार. उलटे दिले, तर चालवणारा जितकं पायडल मारेल तितकी ती घट्ट बसत जाणार. इटलीच्या जुन्या सायकलींना दोन्हीकडे सरळ आटे असतात आणि त्यांची उजवी वाटी सैल होते, ही तक्रार त्यांचे चाहतेसुद्धा करतात.

आता बर्मिंगहॅमला जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे बंदुका हातानं बनत. नळी एका कारागिराकडे, दस्ता दुसऱ्याकडे, घोडा तिसऱ्याकडे. प्रत्येक बंदूक कानस मारून मारून जुळवलेली. एका बंदुकीचा घोडा दुसरीला बसेल याची खात्री नाही. क्रिमियाच्या युद्धाच्या सुमारास ब्रिटिश सरकारनं अमेरिकेतून यंत्रं आणली आणि एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात एकसारख्या भागांच्या बंदुका काढायला सुरुवात केली. बर्मिंगहॅमच्या बंदुकवाल्यांच्या पोटात गोळा आला. त्यांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढली, स्मॉल हीथ या भागात जमीन घेतली आणि तशीच यंत्रं बसवली. तीच बी.एस.ए. तिचं चिन्ह होतं एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. पुढे हेच चिन्ह सायकलच्या हँडलखालच्या बिल्ल्यावर आलं.

(एनफिल्ड हे नाव वाचून तुमच्या डोक्यात बुलेटचा आवाज आला असेल, तर तो बरोबर आहे. रेडिचच्या ज्या कंपनीला एनफिल्डच्या कारखान्यासाठी बंदुकीचे भाग बनवायचं काम मिळालं, तिनंच आपल्या सायकलींना 'रॉयल एनफिल्ड' हे नाव दिलं. 'बंदुकीसारखी घडवलेली' ही जाहिरात उगाच नव्हती. त्या भागातले सायकलवाले खरोखरच बंदुकवाले होते.)

युद्ध नसलं की बंदुकवाल्यांचे हात रिकामे. अशाच एका मंदीत, १८८० मध्ये, बी.एस.ए.नं ऑटो नावाचं विचित्र वाहन बनवायला घेतलं. दोन मोठी चाकं शेजारी-शेजारी, आणि माणूस मध्ये. ते हजारभरसुद्धा निघालं नाही. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीनं रोव्हर आणली : दोन सारखी चाकं, साखळी मागच्या चाकाला, म्हणजे जवळपास आजची सायकल. बी.एस.ए.नंही सायकली काढल्या. मग सरकारकडून शस्त्रांच्या ऑर्डरी आल्या आणि १८८७ मध्ये कंपनीनं सायकली बनवणं सोडून दिलं.

मला सगळ्यात रस आहे तो यानंतरच्या काळात. १८९३ मध्ये बी.एस.ए. परत आली, पण पूर्ण सायकल घेऊन नाही. तिनं हब बनवले, मग एक्सल, वाट्या, क्रँक, पुढे फ्रेमचे जोड. म्हणजे सुटे भाग, आणि तेही कुणालाही विकायला. इंग्लंडमधल्या लहान गावातला लोहार किंवा दुकानदार हे भाग विकत घ्यायचा, नळ्या आणायचा, सांधायचा आणि वर आपलं नाव रंगवायचा. 'बीएसए फिटिंग्ज'ची सायकल म्हणजे भरवशाची, मग वर नाव कुणाचंही असो. हे भाग एकमेकांना बसत, कारण ते बनवणाऱ्यांना गेली तीस वर्षं बंदुकीचे भाग एकमेकांना बसवायची सवय होती. कंपनीनं स्वतःची पूर्ण सायकल बाजारात परत आणली ती १९०८ मध्ये. तोवर तिची मापं शेकडो कारखान्यांच्या अंगवळणी पडली होती. स्पर्धकाला आपला भाग विकला की तो स्पर्धक आपल्या मापाला बांधला जातो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे शहाणपण यायला बराच वेळ लागला.

याच्या अगदी उलट वागणारी कंपनी म्हणजे रॅले. नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवर तीन जणांचं छोटं दुकान होतं, आठवड्याला तीन सायकली निघायच्या. फ्रँक बाउडन नावाच्या श्रीमंत गृहस्थाला डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, त्याची तब्येत सुधारली आणि त्यानं ती कंपनीच घेतली, अशी कथा रॅलेवाले अभिमानानं सांगत. शतक संपेपर्यंत ती जगातल्या सगळ्यात मोठ्या सायकल कारखान्यांपैकी एक झाली. १९०२ च्या सुमारास तिच्याकडे स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब आला, आणि तो यंत्रशास्त्राचा खरोखर सुंदर नमुना आहे. पण रॅलेचे आटे वेगळे. इंचाला २६, व्यास एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच, म्हणजे १.३७५. बीएसएच्या वाटीपेक्षा फरक पाच हजारांश इंचाचा. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही, पण वाटी बसत नाही. रॅलेची वाटी रॅलेकडूनच घ्यावी लागे. दर्जा उत्तम, पण दार आतून बंद.

इंग्लिश सायकल ओळखायची जुनी युक्ती म्हणजे पुढच्या दातेरी चक्राकडे बघणे. रॅलेच्या चक्रात बगळ्यांची डोकी कोरलेली असत. रजच्या चक्रात हाताचा पंजा. हंबरच्या चक्रात पळणाऱ्या माणसांच्या आकृत्या, शिवाय तिचा पुढचा फोर्क दुहेरी नळ्यांचा. पुढे हंबर, रज आणि शेवटी बी.एस.ए.च्या सायकलीही रॅलेनंच घेतल्या, पण चक्रांतले बगळे, पंजे आणि माणसं बरीच वर्षं वेगवेगळीच राहिली.

या सायकली यवतमाळला कशा पोचल्या असतील? आमच्या जिल्ह्याचं नाव १९०५ पर्यंत वणी जिल्हा होतं, इंग्रजी कागदांत 'वून'. त्याच सुमारास किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं मूर्तिजापूरहून दारव्ह्यामार्गे यवतमाळपर्यंत अरुंद रूळ टाकले. तीच आपली शकुंतला. रूळ टाकले ते कापसासाठी. इथल्या जिनिंग-प्रेसिंगमधून बांधलेल्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायच्या, मुंबई बंदरात जायच्या आणि तिथून मँचेस्टरला. विलायती माल आत यायचा रस्ताही तोच होता. तेव्हाच्या निर्यातीच्या सायकली बहुतेकदा पेट्यांत सुट्या भागांच्या रूपात यायच्या आणि इथला दुकानदार त्या जोडायचा. म्हणजे आमच्याकडच्या पहिल्या मिस्त्र्यांनी सायकल दुरुस्त करायच्या आधी जोडायला शिकली असणार.

इथे एक गोंधळ मिटवून टाकतो. वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या तोंडी 'रॅली' हे नाव येतं ते बऱ्याचदा सायकलचं नसतं. रॅली ब्रदर्स ही कापूस विकत घेणारी व्यापारी पेढी होती, मूळची ग्रीक घराण्याची, लंडनमध्ये मोठी झालेली. तिचीच पुढची पिढी म्हणजे आज कृषी केंद्रात ज्यांचं कीटकनाशक मिळतं ती टाटा समूहातली रॅलीज. कापूस घेऊन जाणारी रॅली आणि सायकल पाठवणारी रॅले या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर एकीला देऊनच दुसरी घेता येत होती.

ही सायकल आमच्या रस्त्यांसाठी जणू मुद्दाम बनवल्यासारखी निघाली, हा मात्र योगायोग. इंग्लंडमधले खेड्यांचे रस्तेही १९१० मध्ये खडी-मातीचेच होते. म्हणून चाक २८ इंची, टायर दीड इंची, फ्रेम मागे झुकलेली, दोन चाकांतलं अंतर जास्त. खड्डा आला की सायकल थोडी दबते आणि पुढे जाते. ब्रेकला तार नाही, लोखंडी दांड्या. तार गंजते, तुटते, तिला बाजारातून आणावं लागतं. दांडी वाकली तर दगडावर ठेवून सरळ करता येते. पूर्ण बंद चेनकव्हर, म्हणजे धोतर अडकत नाही आणि धूळ आत जात नाही. वजन पंधरा-वीस किलो. उतारावर हत्ती, चढावर गाढव.

यवतमाळच्या घाटात तिचा एकच गिअर रडवायचा आणि माणसं सरळ उतरून चालायची. बाभळीचे काटे होतेच. पण खरी परीक्षा पावसाळ्यात. आमची काळी माती भिजली की चाकाला धरते, मडगार्डमध्ये भरते आणि दहा पावलांत चाक जाम. मग काडीनं चिखल काढायचा, पुन्हा दहा पावलं. शेवटी सायकल खांद्यावर. माझे आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. जुलै-ऑगस्टमध्ये मी सायकलवर कमी बसलो आणि सायकल माझ्यावर जास्त बसली, असं ते म्हणायचे.

१९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. विलायती कापडावर बहिष्कार जोरात होता. सायकलच्या बाबतीत मात्र पेच वेगळा होता. कापडाला खादी होती. सायकलला देशी पर्याय नव्हता. भारतातले पहिले सायकल कारखाने निघाले ते त्या दशकाच्या अखेरीस, त्यातला एक मुंबईत वरळीला, हिंद सायकल्स. सभेची बातमी गावोगाव न्यायची तर ती विलायती सायकलनंच न्यावी लागणार. साम्राज्यानं दिलेल्या वस्तूंपैकी ही बहुधा एकच अशी होती, जी चालवायला साम्राज्याची गरज लागत नव्हती. तिला कोळसा नको, पेट्रोल नको, स्टेशनमास्तर नको.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि ब्रिटिश कंपन्यांना कळलं की भारतात विकायचं तर भारतातच बनवावं लागेल. रॅलेनं कलकत्त्याचे आयातदार सुधीरकुमार सेन यांच्याबरोबर आसनसोलला सेन-रॅले हा कारखाना काढला. इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सनं मद्रासच्या मुरुगप्पा घराण्याशी हात मिळवून १९४९ मध्ये टी.आय. सायकल्स स्थापन केली. अंबत्तूरच्या या कारखान्यातून १९५१ मध्ये पहिली हर्क्युलिस निघाली. पुढे फिलिप्स आणि बी.एस.ए. ही नावंही तिथेच आली. त्याच वर्षांत सोनिपतला ॲटलस, लुधियानाला एव्हॉन आणि १९५६ मध्ये मुंजाल भावांची हीरो. मुंजाल आधी सायकलचे सुटे भागच विकत आणि बनवत होते, पूर्ण सायकल नंतर. ही वाट आपण आधी कुठे पाहिली ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आमच्या आजीच्या पिढीत लग्नाच्या बोलण्यांत घड्याळ, सायकल आणि रेडिओ हे तीन शब्द एका दमात येत. या तिन्हींत सायकलचं नाव विचारलं जायचं. नुसती सायकल की हर्क्युलिस? बी.एस.ए. की दुसरी कुठली? त्या नावापायी किती मुलींच्या बापांनी कापूस वेचायच्या आधीच सावकाराकडे विकला, याचा हिशेब कुठल्याही कंपनीच्या इतिहासात लिहिलेला नाही. ब्रिटिश सायकलचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. नगरपालिकेचा कर भरून मिळणारा पितळी बिल्ला, रात्री दिवा नसला तर पोलिसाची शिट्टी, तासाच्या भाड्यानं मिळणारी सायकल, हाफ पायडल, मग कैची, मग दांडी आणि शेवटी शीट, या सगळ्या आठवणी गोड आहेत. पण सायकल चालवायला शिकणारी त्यातली बहुतेक पोरंच होती.

टी.आय.नं बी.एस.ए. हे नाव इथे वेगळ्या कामाला लावलं. हर्क्युलिस म्हणजे ओझी वाहणारी काळी सायकल, दुधाच्या कॅनची, गवताच्या भाऱ्याची. बी.एस.ए. म्हणजे शहरी, हलकी, रंगीत. ऐंशीच्या दशकातली एस.एल.आर. ही कॉलेजच्या पोरांची सायकल होती. लहानांसाठी चॅम्प आली. मुलींसाठी लेडी बर्ड आली, मधला दांडा नसलेली. तो आकारही जुनाच, १८९० च्या आगेमागे इंग्लंडमध्ये घागऱ्यासाठी काढलेला. इथे तो पंजाबी ड्रेसला उपयोगी पडला. काही काळ टी.आय.चा कारखाना नाशिकलाही होता. तिकडे मूळ बी.एस.ए.नं दुसऱ्या महायुद्धात विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकांसाठी घडीची सायकल बनवली होती, साठ-सत्तर हजारांच्या घरात. तीच कंपनी, तेच नाव, आणि इथे आठवीतली मुलगी त्या नावावर बसून शिकवणीला चाललेली.

बाकीच्यांचं काय झालं, ते थोडक्यात. सेन-रॅले आणि वरळीची हिंद सायकल्स दोन्ही डबघाईला आल्या आणि १९८० मध्ये एकाच कायद्यानं त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्या वाचल्या नाहीत. नॉटिंगहॅममध्ये रॅलेची शेवटची सायकल २००२ मध्ये निघाली. ॲलन सिलिटो या कादंबरीकारानं तिथल्या लेथवर काम केलं होतं आणि त्यावर कादंबरीही लिहिली होती, तो कारखाना पाडून तिथे विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहिल्या. ॲटलसनं २०२० मध्ये, नेमक्या जागतिक सायकल दिनी, साहिबाबादचं काम थांबवलं. बी.एस.ए. हे नाव मात्र आज दोनदा भारतीय आहे. सायकलवर ते मुरुगप्पांकडे, आणि मोटारसायकलवरचं नाव २०१६ मध्ये महिंद्रा समूहातल्या क्लासिक लेजेंड्सनं विकत घेतलं. ब्रिटिश पोरं ज्या गोल्ड स्टारवर जीव टाकायची, ती आता पिथमपूरला बनते.

पण नावं विकली जातात, कागदावर सह्या होतात. आटे कुणी विकत घेतले नाहीत, कारण ते कुणाच्या मालकीचेच उरले नव्हते. मधल्या काळात महागड्या सायकलवाल्यांनी आटेच काढून टाकले. वाटी फ्रेममध्ये नुसती दाबून बसवायची, वजन थोडं कमी. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, आणि चालवताना करकर आवाज. गेल्या काही वर्षांत त्यातल्या काही मोठ्या कंपन्या निमूटपणे आट्यांकडे परत आल्या. रॅलेचे २६ आटे आज संग्राहकांच्या तक्रारीपुरते उरलेत.

आमच्या जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना सायकली मिळतात. सकाळी दारव्हा किंवा घाटंजीच्या रस्त्याला उभं राहिलं की त्यांची रांग दिसते, डबल शीट, ट्रिपल शीट. कैची शिकायची त्यांना गरज पडली नाही. त्या सायकली मोडतात, आणि मोडल्या तरी आठवड्याच्या बाजारात पन्नास-शंभर रुपयांत चालू होतात. हे स्वस्त यासाठी आहे की मिस्त्रीकडच्या डब्यातली वाटी कुठल्या कंपनीच्या सायकलला लागेल, हा प्रश्नच त्याला पडत नाही.

मागच्या दिवाळीत एका दूधवाल्यांनी त्यांची ई-सायकल आमच्या मिस्त्रींकडे आणली होती. मिस्त्री आता सत्तरीचे आहेत. बॅटरीचा कनेक्टर त्या कंपनीचा स्वतःचा, कंट्रोलर सीलबंद, आणि चार्जर बिघडला तर नागपूरला पाठवा असं उत्तर. मी फोनवर सर्किट शोधत बसलो, ते कुठे मिळणार नव्हतंच. तेवढ्यात मिस्त्रींनी सायकल आडवी केली, क्रँक काढला, पान्हा लावून उजवी वाटी उलटी फिरवली, डब्यातली दुसरी बसवली, छर्ऱ्यांना ग्रीस लावलं. दूधवाल्यांना म्हणाले, "मोटर तं मायाकडून नाई होत, भाऊ. पायडल मारत जा, ते पक्कं केलं."